ऑटोमॅटिक पिकअपचे गिअर उशिरा आणि झटक्याने बदलतात: पेडल बॉक्स बसवावा की आधी दुसरे काही तपासावे?

सत्तरीचा बागायतदार
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा गिअरची ऑटोमॅटिक टर्बो डिझेल पिकअप आहे. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिले की चर्चा दुखण्यावरून कंपनीवर घसरते. वाळपईकडच्या बागायतीतून सुपारी-नारळ भरून फोंडा किंवा म्हापसा, आणि अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगाव, असा गाडीचा वापर आहे. गाडीने सत्तर हजार किलोमीटर ओलांडले आहेत.

तक्रारी तीन आहेत. वळणावर किंवा चौकात वेग पंधरा-वीसवर आला आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, की गाडी क्षणभर काहीच करत नाही आणि मग एकदम उसळी घेते. घाटात माल असताना ती तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये सारखी ये-जा करत राहते. तिसरी तक्रार अशी की सिग्नलला थांबताना आणि तिथून निघताना मागच्या बाजूने ‘धप्’ असा आवाज येऊन हलका धक्का बसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘ऑटोमॅटिक असेच चालते’ एवढेच उत्तर मिळाले. एका मित्राने पेडल बॉक्स बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो बसवल्याने यातले नक्की काय सुधारेल, हे अनुभवी सभासदांनी सांगावे.

म्हापशेकर
बसवून टाका. मी बसवला आहे आणि गाडी दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी पळते. पेडलच्या वरच्या बाजूचा प्लग काढायचा, मध्ये डबी जोडायची, काम संपले. वायर कापावी लागत नाही.

यंत्रवेडा डिचोली
म्हापशेकरांचा अनुभव खरा असेल, पण ती डबी नेमके काय करते हे आधी समजून घ्यावे. आजच्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल इंजिनापर्यंत जात नाही. पेडलला दोन सेन्सर असतात, ते पेडल किती दाबले हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगतात, आणि किती ताकद द्यायची हे ईसीयू ठरवतो. पेडल बॉक्स त्या दोघांच्या मध्ये बसतो आणि तुम्ही तीस टक्के दाबलेत की ईसीयूला पन्नास टक्के सांगतो. पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र डबी असो वा नसो, इंजिन तेवढीच ताकद देते. म्हणजे तिने ताकद वाढत नाही, मागणी लवकर पोहोचते इतकेच.

आता दुसरी बाजू. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवेची झडप उघडून ताकद वाढत नाही, तर इंधन वाढवून वाढते, आणि पुरेशी हवा आलेली नसताना इंधन वाढवले तर काळा धूर येतो. म्हणून टर्बोने हवा दाबून पाठवेपर्यंत ईसीयू इंधन रोखून धरतो. तुम्ही म्हणता तो ‘काहीच न करण्याचा’ क्षण बराचसा इथला आहे. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडून ठेवणारा क्लच, सुटणे आणि गिअर खाली येणे यांचा वेळ मिळवा. पेडल बॉक्सने टर्बो लवकर फिरू लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गिअर बदलण्याचा झटका आणि ॲक्सिलरेटरचा सुस्तपणा ही दोन वेगळी दुखणी असतीलच असे नाही. इंजिन या क्षणी किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत आहे याचा अंदाज ईसीयू गिअरबॉक्सच्या संगणकाला सतत कळवत असतो, आणि त्या आकड्यावरून गिअरबॉक्स आतल्या क्लचवर किती दाबाने तेल सोडायचे ते ठरवतो. गिअर बदलण्याच्या क्षणी तो उलट इंजिनाला ‘थोडे आवरते घे’ असेही सांगतो. हवा मोजणारा सेन्सर मळलेला असेल किंवा टर्बोच्या पाइपमधून हवा गळत असेल, तर तो अंदाजच चुकतो. दाब जास्त पडला तर झटका बसतो, कमी पडला तर क्लच घसरतो. दुखणे इंजिनाच्या हवेत असताना दोष गिअरबॉक्सला मिळतो, असे यात बरेचदा होते.

कोलवाळचा कोणीतरी
एवढे सगळे होण्याआधी पायाखालचे मॅट उचलून पाहा. पावसाळ्यात चिखल नको म्हणून आपण कार्पेटवर जाड रबरी मॅट टाकतो आणि त्यावर कागद घालतो. मग पेडल तळाला टेकतच नाही आणि गाडी किकडाऊन देत नाही (पूर्ण पेडलवर गिअर खाली आणत नाही) म्हणून आपण इंटरनेटवर धागे काढतो.

सत्तरीचा बागायतदार
मॅट लगेच जाऊन पाहिले. एकच आहे आणि पेडलच्या आड येत नाही. पण सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

चोडणची फेरी
पेडल बॉक्सविषयी आमच्या बाजूचा एक मुद्दा मांडतो. मी रोज रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवतो. ओहोटी असली की रॅम्पचा उतार तीव्र होतो, लोखंडी पत्रा ओला असतो, पुढच्या गाडीपासून हातभर अंतर ठेवून खलाशी ‘या, या, बस्स’ करत असतो. तिथे पेडल मिलिमीटरने दाबावे लागते. मी ती डबी सर्वांत तीव्र सेटिंगवर लावली होती. पाय नुसता ठेवला की मागची रिकामी चाके पत्र्यावर फिरत आणि खलाशी माझ्याकडे असा पाही की मी मुद्दाम करतो आहे. डबी आता कपाटात आहे. पिकअप रिकामी असताना मागच्या ॲक्सलवर वजन नसते, हे मोटारीवाल्या मित्रांच्या सल्ल्यात येत नाही.

म्हापशेकर
चोडणच्या दादा, सेटिंग कमी करता येते, अगदी मुळापेक्षा मंदही करता येते. मी शहरात दुसऱ्या पायरीवर ठेवतो आणि हायवेला वाढवतो. फेरीत चढताना ‘इको’ करायचे. आपण सर्वांत तीव्र सेटिंग लावून रॅम्पवर गेलात, त्यात डबीचा काय दोष?

चोडणची फेरी
दोष नाही, पण रॅम्पवर चढण्याआधी बटणे दाबत बसण्यापेक्षा मूळ पेडल बरे वाटते. ज्याची त्याची सवय.

फोंड्याचा फिटर
मी गॅरेज चालवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. बागायतदार बाब, तुमच्या तीन तक्रारींची मुळे तीन ठिकाणी असू शकतात, म्हणून एका डबीने तिन्ही जातील ही आशा सोडा.

मागच्या ‘धप्’पासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत स्वस्त आहे. लांब पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, सहसा दोन तुकड्यांचा असतो, मध्ये एक बेअरिंग असते, आणि शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून एक सरकता स्प्लाइन (खाचांचा जोड) असतो. माल भरला की मागची बाजू खाली बसते, उतरवला की वर येते, आणि तो स्प्लाइन आत-बाहेर सरकतो. त्यातले ग्रीस सुकले की थांबताना तो अडकून राहतो आणि निघताना एकदम सुटतो. ऐकणाऱ्याला वाटते की गिअरबॉक्सने लाथ मारली. ओढ्यातून, चिखलातून जाणाऱ्या गाडीचे ग्रीस लवकर धुऊन जाते. ग्रीस निपल असतील तर गन लावून नवे ग्रीस भरायचे; नसतील तर शाफ्ट उतरवून, दोन्ही तुकड्यांवर आधी खुणा करून, स्प्लाइन साफ करून ग्रीस लावायचे. खुणा केल्या नाहीत आणि शाफ्ट उलटा बसला तर गाडी थरथरू लागते. त्याच वेळी युनिव्हर्सल जॉइंट हाताने हलवून पाहावेत आणि गिअरबॉक्सच्या रबरी माउंटला भेग पडली आहे का ते बघावे.

दुसरे म्हणजे हवा. बोनट उघडा, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या जाड पाइपांच्या जोडांवर बोट फिरवा. थोडे तेलकट असणे नेहमीचे आहे, पण एखाद्याच जोडाखाली ओला काळा डाग असेल आणि त्यावर तांबडी धूळ चिकटली असेल तर तिथून हवा गळते आहे. चढावर शिटीसारखा आवाज आणि मागे काळा धूर असेल तर शंकाच नको. चिरेखाणींच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाड्यांचे एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतात. तेल लावायचे कापडी फिल्टर मी तरी कोणाला सुचवत नाही; तेल जास्त झाले की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. सेन्सर साफ करायचाच असेल तर त्यासाठी मिळणारा स्प्रे वापरा, कार्ब्युरेटर क्लीनर नव्हे, आणि तारेला बोट किंवा कापूस लावू नका.

गिअरबॉक्सचे तेल शेवटी.

यंत्रवेडा डिचोली
फिटर दादांच्या यादीत एक चाचणी जोडतो. साठ ते ऐंशीच्या वेगाने सपाट रस्त्यावर, पेडल हलके दाबलेले असताना, रस्त्यावरच्या रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते का ते पाहा. आली तर मागे वाहन नाही याची खात्री करून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागेल इतक्या स्पर्शाने लॉक-अप क्लच सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर ती बहुधा लॉक-अपची आहे, म्हणजे तेल जुने किंवा चुकीचे आहे. थांबली नाही तर इंजिन, टायर किंवा शाफ्टकडे बघा.

जुना ड्रायव्हर पेडणे
गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावू नये असे माझे मत आहे. कंपनीने ते ‘आयुष्यभराचे’ सांगितलेले असते. माझ्या ओळखीच्या एकाने बदलले आणि त्यानंतर गाडी पुढेच सरकेना.

फोंड्याचा फिटर
काका, ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचे आयुष्य, हे कंपनी सांगत नाही. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ अशी वेगळी ओळ असते. माल, घाट, धूळ, सतत थांबत-निघत चालवणे हे सगळे त्यात येते, म्हणजे आपला बहुतेक गोवा. त्या वापरात साठ ते ऐंशी हजारांच्या आसपास तेल बदलणे शहाणपणाचे आहे.

तुमच्या ओळखीच्या माणसाचे जे झाले त्याची कारणे मी तीन पाहिली आहेत. एक, क्लच आधीच झिजलेले होते आणि गाडी घसरू लागली म्हणूनच तेल बदलायला आणली होती. दोष तेलबदलाला मिळाला. दोन, ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे लिहिलेले तेल भरले. तीन, पातळी चुकली, आणि हे सर्वांत जास्त वेळा होते. या गिअरबॉक्सच्या पेट्यांना बहुधा डिपस्टिक नसते. गाडी समपातळीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान स्कॅनरवर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत आल्यावर तळाचा बोल्ट काढायचा आणि धार थांबून थेंब पडू लागले की बंद करायचा. गरम तेल फुगते, त्यामुळे तापमान न पाहता पातळी ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम.

एकदा सोडून भरले तर जुन्यापैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच तेल बाहेर येते, बाकीचे कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. म्हणून मी एकदा बदलून, काही शे किलोमीटर चालवून, पुन्हा बदलायला सांगतो. यंत्राने जोराचा फ्लश जुन्या पेटीला मी करत नाही. काढलेले तेल पांढऱ्या कागदावर टाकून बघा: काळपट आणि जळका वास असेल, किंवा चुंबकावर भुकटीऐवजी धातूचे कण असतील, तर तेल बदलून समाधान मानू नका. आणि तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर गाडी चालू करू नका, रेडिएटरमधून पाणी पेटीत शिरले आहे.

जुना ड्रायव्हर पेडणे
समजले. मत पूर्ण बदलले असे म्हणत नाही, पण पातळीचा मुद्दा पटला.

केरीहून चोर्ला
मी टोयोटा हायलक्स ऑटोमॅटिक चालवतो, आणि घाट घराच्या दारात आहे. गिअरच्या ये-जा करण्यावर माझे म्हणणे असे की ते पुष्कळदा यंत्राचे दुखणे नसते. ‘डी’मध्ये गाडीला पुढचे वळण दिसत नाही. वळणाआधी तुम्ही पाय काढता, तिला वाटते चढ संपला, ती चौथा टाकते; वळण संपताच तुम्ही पाय दाबता, ती तिसरा शोधते. चढ सुरू होतानाच लिव्हर बाजूला सारून हाताने तिसरा किंवा दुसरा धरून ठेवावा. इंजिनाचे फेरे वाढलेले ऐकू येतात म्हणून लोक घाबरतात, पण टर्बो तयार अवस्थेत राहतो आणि पेडलला उत्तर ताबडतोब मिळते. उतरतानाही तेच, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. आपल्याला हवी ती सगळी तत्परता त्या लिव्हरमध्ये आधीच दिलेली आहे, पैसे न भरता. चौकातही तसेच: पोहोचण्याआधी एक गिअर खाली.

कोलवाळचा कोणीतरी
म्हणजे ऑटोमॅटिक घेऊन मॅन्युअल चालवायची. बायकोला हे कळले तर जादा दिलेल्या पैशांचा हिशेब मागेल.

केरीहून चोर्ला
घाटापुरतेच हो. पणजीच्या गर्दीत डावा पाय आराम करतो, पैसे तिथे वसूल होतात.

वेग माझा
इतके तपासत बसण्यापेक्षा ईसीयू रीमॅप करून घ्या, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलून घ्या. टॉर्क वाढतो, पेडल सुधारते, गिअरही नीट पडतात. पेडल बॉक्स हे पोरखेळ आहेत.

यंत्रवेडा डिचोली
रीमॅपने खरोखर ताकद वाढते हे मान्य, पण ती कशातून जाणार आहे ते पाहा. गिअरबॉक्सची टॉर्क झेलण्याची मर्यादा ठरलेली असते आणि कंपनी इंजिन त्या हिशेबाने बांधते. वर हायलक्सचा उल्लेख आला, तिचेच उदाहरण घ्या: २.८ लिटरचे तेच इंजिन, ताकद दोन्हींत २०४ पीएस, पण मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ऑटोमॅटिकला ५००. नुसता इंजिनाचा रीमॅप करून गिअरबॉक्सच्या संगणकाला त्याचा पत्ता नसेल, तर तो जुन्याच हिशेबाने क्लचवर दाब देणार. सुरुवातीला गाडी पळते, नंतर क्लच जळतात. वॉरंटी जाते ते वेगळेच. रीमॅपच्या नावाखाली ईजीआर (जळलेला वायू पुन्हा इंजिनात फिरवणारी झडप) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बंद करून देणारेही आहेत. त्या वाटेने जाऊ नये, कारण ती धूर-नियंत्रणाची यंत्रणा आहे आणि मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते.

डीपीएफवरून आठवले. बीएस ६ गाडी वाळपईत दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारत असेल तर फिल्टरमधली काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते आणि त्या काळात गाडी जड वाटते. फोंड्याकडे एका वेगाने लांब जाणे तिला मानवते.

मांडवीकाठी
टायरचे कोणी विचारले नाही. बागायतदारांनी मोठे टायर घातले आहेत का? २५५/६० आर १८ चा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर होतो आणि २८५/६५ आर १८ चा सुमारे ८२८. म्हणजे प्रत्येक गिअर आठ टक्क्यांनी लांब झाला. गिअरबॉक्सला वाटते गाडी हळू आहे, प्रत्यक्षात ती जोरात असते, आणि चढावर कोणताच गिअर पुरा पडत नाही. दिसायला झकास, पण मग पेडलला दोष देऊ नये.

सत्तरीचा बागायतदार
टायर मूळ मापाचेच आहेत. सर्वांच्या सूचनांप्रमाणे काम करून घेऊन मग लिहीन. चतुर्थीच्या आधी गाडी मोकळी मिळणे कठीण आहे, त्यामुळे थोडा धीर धरावा.

सत्तरीचा बागायतदार
उशिराबद्दल क्षमस्व. गाडी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली आणि धाग्यातला क्रम तसाच ठेवला.

शाफ्टचा स्प्लाइन उघडला तेव्हा ग्रीसच्या जागी तांबडट सुकी पेस्ट निघाली. साफ करून नवे ग्रीस भरले आणि मागचे ‘धप्’ त्याच संध्याकाळी गेले. इंटरकूलरच्या खालच्या जोडाची पट्टी सैल होती; वरून काही दिसत नव्हते, खालचे संरक्षक पत्रे काढल्यावर फिटर दादांनी लिहिला होता तसाच ओला डाग सापडला. पट्टी बदलली, एअर फिल्टर नवा घातला, सेन्सर स्प्रेने साफ केला. चढावरचा सुस्तपणा निम्म्याहून कमी झाला असे मला वाटते, आणि धूर तर स्पष्टच कमी झाला आहे. त्यानंतर गिअरबॉक्सचे तेल बदलले. जुने तेल गडद होते, पण जळका वास नव्हता आणि चुंबकावर फक्त बारीक भुकटी होती. दुसऱ्यांदा बदलणे बाकी आहे.

तेलानंतर स्कॅनरने गिअरबॉक्सची जुनी शिकवण, म्हणजे क्लचच्या झिजेप्रमाणे त्याच्या संगणकाने करून ठेवलेली जुळवाजुळव, पुसली. पहिले काही दिवस गिअर आधीपेक्षाही विचित्र पडत होते आणि मी घाबरलो होतो, पण मेकॅनिकने आधीच सांगून ठेवले होते.

वेग माझा
ती शिकवण पुसायला स्कॅनर कशाला? बॅटरीची तार अर्धा तास काढून ठेवली की झाले.

फोंड्याचा फिटर
काही जुन्या गाड्यांत चालायचे. आताच्या बहुतेक पेट्यांत ती नोंद बॅटरी काढूनही टिकते, तुमचे घड्याळ आणि रेडिओ मात्र पुसला जातो. पुसल्यावर पुन्हा शिकवण्याचीही पद्धत आहे: गाडी पूर्ण गरम झाल्यावर हलक्या, स्थिर पायाने पहिल्यापासून सहाव्यापर्यंत जाऊ द्यायची, मग ब्रेक हलका दाबून सावकाश थांबवायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. सुरुवातीलाच चोर्ल्यावर माल घेऊन गेलात तर पेटी भलतेच शिकते.

बागायतदार बाब, आणखी एक. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) चढावर भरलेली गाडी रिव्हर्समध्ये इंच-इंच सरकवता का? त्यात कन्व्हर्टरचे तेल सर्वांत जास्त तापते. ओल्या मातीवर फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर) लावून करा, पेटीवरचा भार कमी होतो. सिमेंटच्या कोरड्या अंगणात मात्र फोर व्हील लावू नका, वळताना शाफ्ट पिळवटतात.

सत्तरीचा बागायतदार
करतो, रोजच करतो, आणि आतापर्यंत टू व्हीलमध्येच करत होतो. यापुढे फोर लो लावतो.

घाटातली तिसऱ्या-चौथ्याची ये-जा ‘डी’मध्ये अजून होते. केरीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे हाताने तिसरा धरला की ती अर्थातच थांबते, आणि पेडलला मिळणारे उत्तर इतके वेगळे आहे की हीच गाडी का असा प्रश्न पडावा. चौकातला तो रिकामा क्षण आहे, पण आता त्यानंतरची उसळी येत नाही.

म्हापशेकर
मग तो उरलेला क्षण घालवायला डबी घेणार की नाही? माझ्याकडची एक आठवडा लावून पाहा, प्लग जुळत असेल तर. मंद सेटिंगवर देतो, फेरीतसुद्धा चालेल.

सत्तरीचा बागायतदार
तेलाचा दुसरा बदल झाल्यावर जरूर नेतो, म्हणजे कशाने काय बदलले ते वेगळे कळेल. प्लगचा फोटो संध्याकाळी टाकतो.